विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात नामदेव-नानक चित्रमाला : जुनी शीख चित्रपद्धत कशी धरावी?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या एका गावात विठ्ठल मंदिराचा सभामंडप दुरुस्त झाला आहे. आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीला, तिथे नामदेवांचा पंजाबातला वारसा दाखवणारी सहा चित्रे लोकांपुढे ठेवायची आहेत. प्रत्येक चौकट ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच. दक्षिणेची भिंत जुनी, दगड-चुन्याची. उत्तरेची नवी, सिमेंटच्या गिलाव्याची.

बाजारात गुरू नानकांची जी चित्रे मिळतात ती सगळी एकसारखी दिसतात. आम्हाला त्यांची नक्कल नको, त्याआधीची पद्धत हवी. जुन्या शीख चित्रांत नानक कसे दाखवत? सोबत कोण असावे, हातात काय असावे? शीख धर्मात मूर्तिपूजा नाही, मग ही चित्रे मुळात कशासाठी काढली जात? आणि पंजाबात भिंतीवर चुन्यात रंग भरत ती रीत आपल्याकडच्या गवंड्याला जमेल का? मोघम नको, नेमके सांगा.

पोथीवेडा_शहापूर

तुम्ही बाजारात पाहता तो पांढऱ्या दाढीचा, अर्धोन्मीलित डोळ्यांचा, आशीर्वादाचा हात वर केलेला चेहरा चित्रकार सोभा सिंग यांच्या १९६९ च्या चित्रावरून आलेला आहे. गुरू नानकांच्या जन्माला ५०० वर्षे झाली तेव्हाचे ते चित्र. जुनी पद्धत हवी तर त्याच्या मागे सव्वादोनशे वर्षे जायला लागेल, जनमसाख्यांच्या चित्रित पोथ्यांपर्यंत. जनमसाखी म्हणजे गुरू नानकांच्या (१४६९–१५३९) आयुष्यातल्या प्रसंगांची कथामाला. आपल्याकडे संतचरित्राच्या पोथ्या वाचतात तशी ती संगतीत वाचली जाई.

त्यातली आधाराला सगळ्यात पक्की पोथी म्हणजे बी-४०. ती १७३३ ची आहे, चित्रे ५७, आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रकाराचे नाव पोथीतच दिले आहे : आलमचंद राज. ‘राज’ म्हणजे गवंडी. ही चित्रे काढणारा माणूस बांधकामातला होता, हे तुमच्या गवंड्याला आवर्जून सांगा.

या चित्रांची मांडणी अशी. पार्श्वभूमी एकाच सपाट रंगाची, वर आकाशाची अरुंद पट्टी, गुरूंच्या मागे एखादे झाड. माणसे मोजकी, बऱ्याचदा दोन-तीनच. गुरू एका बाजूला आसनावर बसलेले आणि समोर जो भेटायला आला आहे तो : पंडित, मुल्ला, जोगी, राजा, राक्षस. खोली दाखवण्याचा सोस नाही, सावल्या नाहीत. लहानपणच्या प्रसंगात नानक बिनदाढीचे, पुढे काळी दाढी, उतारवयात पांढरी. एकच ठरीव वय सगळ्या चौकटींत घालू नका, कथेप्रमाणे वय बदला.

वेषात ‘सेली’ महत्त्वाची. ती फकिरांची काळ्या लोकरीची दोरी, टोपीभोवती किंवा गळ्या-खांद्यावरून. टोपी किंवा साधा फेटा, कधी गळ्यात माळ. पोशाखात हिंदू साधू आणि मुस्लिम फकीर या दोघांच्याही खुणा मिसळतात, आणि ते मुद्दाम आहे. बेईं नदीतून तीन दिवसांनी बाहेर आल्यावर नानक जे बोलले असे साख्या सांगतात, ‘ना कोई हिंदू, ना मुसलमान’, तेच या कपड्यांतून दिसते. म्हणून पूर्ण भगवा झगा घालून त्यांना एका बाजूचे करू नका.

सोबत मर्दाना हवाच. तो मुस्लिम मिरासी, म्हणजे पिढीजात गाणारा-वाजवणारा, हातात रबाब हे तंतुवाद्य. इथे बहुतेक चित्रकार घसरतात आणि अफगाणी रबाब काढतात. जुन्या चित्रांतला रबाब वेगळा : पोकळ लाकडी पोट, त्यावर कातडे, तातीच्या तारा, आणि मान पोटाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना बाहेर आलेली टोके. तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारांच्या खुंट्यांची रांग त्याला नसते. दुसऱ्या बाजूला मोरचेल ढाळणारा भाई बाला बऱ्याच चित्रांत दिसतो, पण तो बाला-परंपरेच्या साख्यांमधून आला. भाई गुरदासांच्या पहिल्या वारेत (वार म्हणजे दीर्घ कवन) गुरूंसोबत मर्दानाच आहे. १७३३ ची रीत धरणार असाल तर मर्दाना पुरे. एकोणिसाव्या शतकाची धरणार असाल तर दोघेही. एका चौकटीत एक रीत, दुसऱ्या चौकटीत दुसरी असे करू नका.

आता ‘कशासाठी’. मूलमंत्रात, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाच्या आरंभीच्या वचनात, परमेश्वराला ‘अकाल मूरत’ म्हटले आहे, म्हणजे काळाबाहेरचे रूप, आणि लगेच पुढे ‘अजूनी’, जन्मात न येणारा. ते रूप रंगात बसत नाही, म्हणून शीख चित्रात परमेश्वर कधीच काढलेला नसतो. काढलेला असतो तो गुरू, आणि तोसुद्धा बोलताना, ऐकताना, गाताना. चित्र म्हणजे शब्दाकडे नेणारी आठवण.

हे नीट कळायला चवरी कोणावर ढाळली आहे ते बघा. छत्र, चवरी, तेजोवलय ही मोगल आणि राजपूत दरबारी चित्रांतली राजचिन्हे. शीख चित्रकारांनी ती जमिनीवर बसलेल्या फकिराच्या डोक्यावर आणली. इथेच एक विधान झाले, खरा पातशाह हा. पुढे १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोबिंदसिंगांनी देह ठेवण्याआधी गुरुपद गुरू ग्रंथसाहिबाला दिले, आणि तीच चवरी, तेच छत्र माणसावरून ग्रंथावर गेले. आज गुरुद्वाऱ्यात चंदोव्याखाली (वर ताणलेल्या कापडी छताखाली), पालखीत, रुमाल्यात (वस्त्रात) ठेवलेल्या ग्रंथावर चवरी ढाळतात. तुमच्या सहा चौकटींत हा प्रवास दाखवता आला तर बाकीचे आपोआप जुळेल : पहिल्या चौकटींत चवरी नानकांवर, शेवटच्या चौकटीत ग्रंथावर.

वारी_चिकोडी

पोथीवेडा यांनी नानकांचे सांगितले. पण मंदिर विठ्ठलाचे आणि निमित्त नामदेवांचे, तर नामदेव मागे पडू नयेत.

गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, लेखक भाई गुरदास. त्यात कबीर, रविदास, शेख फरीद यांच्याबरोबर आपले नामदेव आहेत. त्रिलोचनांचीही ४ पदे आहेत. नामदेवांचा पंजाबातला मुक्काम गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमाणला, तिथे त्यांचे स्थान आजही आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका : नामदेव (१२७०–१३५०) आणि नानक यांची भेट दाखवू नका. मध्ये शंभरावर वर्षे आहेत. दोघांना एकत्र आणायचे असेल तर ग्रंथातून आणा. म्हणजे एका चौकटीत पोथी लिहिली जात आहे, गुरू अर्जनदेव सांगत आहेत, भाई गुरदास बोरूने लिहीत आहेत, आणि पानावर नामदेवांचे पद. तिथे नामदेव देहाने नाहीत, शब्दाने आहेत. ते ऐतिहासिकही आहे आणि शीख विचारालाही धरून आहे.

प्रसंग निवडताना ग्रंथातल्या पदांवरूनच निवडा. राग भैरवात तिन्ही मिळतात : देवाला दूध पाजणे, देवळातून उठवून लावलेल्या नामदेवांकडे देऊळ फिरणे, आणि मेलेली गाय उठवून दाखव म्हणून सुलतानाने धरणे. देऊळ फिरल्याची कथा आपल्याकडे औंढा नागनाथची म्हणून घराघरांत माहीत आहे, तेव्हा गावच्या लोकांना ती चौकट समजावून सांगायला लागणार नाही. पदात ‘देहुरा’ फिरला, पुजाऱ्यांकडे पाठ झाली असे आहे. चित्रात ते दाखवायला देवळाचा दरवाजा उजवीकडे बसलेल्या नामदेवांकडे आणि पुजाऱ्यांचा घोळका डावीकडे, कोऱ्या भिंतीसमोर. शिखर वाकवायची, देऊळ हवेत फिरवायची काही गरज नाही. सपाट मांडणीत ते हास्यास्पद दिसते.

कर्नाटकातला धागा हवा असेल तर बीदर आहेच. नानक झिरा साहिबची परंपरा अशी की पाण्यासाठी हवालदिल झालेल्या लोकांसाठी नानकांनी खडावेने दगड सरकवला आणि झरा लागला. शिवाय १६९९ मध्ये आनंदपूरला शीर द्यायला उभे राहिलेल्या पंज प्याऱ्यांपैकी, म्हणजे खालसा पंथाच्या पहिल्या पाच जणांपैकी, भाई साहिबसिंग बीदरचे, जातीने न्हावी. सीमाभागातल्या माणसाला ही चौकट जवळची वाटेल.

मलप्रभाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. चवरीचा धागा आणि ग्रंथलेखनाची चौकट, दोन्ही घेतो. एक शंका : दूध पाजण्याच्या प्रसंगात मूर्ती येणारच. मूर्ती न मानणाऱ्या परंपरेच्या शैलीत ती कशी काढायची? आणि भिंतीचे कोणी सांगेल का?

चुनाकाम_खडेबाजार

भिंतीचे मी सांगतो. आधी दक्षिणेची, कारण खरे काम तिथेच होईल.

पंजाबातल्या या रीतीला मोहराकशी म्हणतात. अमृतसरच्या हरिमंदिरात आतल्या भिंतींवर ती आहे. नक्काश ग्यानसिंग (१८८३–१९५३) हे त्या कामातले नावाजलेले कारागीर. तत्त्व सोपे आहे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात वाटलेला रंग भरायचा. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्या कवचात पकडले जातात. डिंक नाही, सरस नाही. गोवा-कारवारकडची काव कला वेगळी : तिथे लाल थर खरवडून खालचा पांढरा काढतात. तिथला गवंडी मिळाला तर त्याच्या हाताला ओल्या चुन्याची वेळ कळते, तो अर्धा शिकलेलाच समजा.

माल : चुनकळी विझवून पाण्याखाली किमान ३ महिने मुरवा, मग कापडातून गाळा. घाई केली तर न विझलेले खडे गिलाव्यात राहतात, महिन्या-दोन महिन्यांनी ओल शोषून फुगतात आणि नेमके चेहऱ्यावर टवका उडतो. जुन्या भिंतीवरचे डिस्टेंपर पूर्ण खरवडा, टाचे मारा, आणि दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. कोरडी भिंत गिलाव्यातले पाणी ओढते आणि रंग धरायच्या आत चुना मरतो.

खालचा थर १ भाग चुना, २ भाग सुरखी (विटांची पूड) आणि बारीक वाळू मिळून, जाडी १२ मिलिमीटर. वरचा थर १ भाग चुना, १ भाग संगमरवराची पूड, जाडी ३ मिलिमीटर. तुमची चौकट १२ चौरस फुटांची, म्हणजे खालच्या थराला सुमारे १३-१४ लिटर ओला माल आणि वरच्याला साडेतीन. वाया जाणारा धरून १६ आणि ४ लिटर करा. गुळाचे, हिरड्याचे पाणी खालच्या थरात चालेल, वरच्यात अजिबात नको, तपकिरी डाग वर येतात.

वरचा थर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावायचा. १२ चौरस फूट एका दमात होणार नाही, तीन तुकडे करा. जोड झाडाच्या खोडावरून किंवा झग्याच्या कडेवरून न्या. चेहऱ्यातून, हातातून जोड गेला की तो कायम दिसतो.

रेखाटनासाठी खाका : कागदावर पूर्ण मापाचे चित्र, रेषेवरून सुईने भोके, मग कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. भिंतीवर ठिपके उमटतात. बोट लावल्यावर गार लागेल पण माल बोटाला चिकटणार नाही, ती वेळ रंगाची. त्याआधी भरला तर रंग चिखलात मिसळतो, उशीर झाला तर सुकल्यावर हाताला पुडीसारखा येतो. रंग भरून झाला की छोट्या थापीने हलक्या हाताने ठोकत दाबायचा, पाणी आत जाते आणि पृष्ठ घट्ट होते. शेवटी अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटाई.

रंग चुना सोसणारेच घ्या. हिरमुजी आणि गेरू लालसाठी, पिवळी माती, हिरव्यासाठी हिरवी माती (पंजाबात ‘संग-ए-सब्ज’), काळ्यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा, पांढरा म्हणजे चुनाच. निळ्यासाठी ते लाजवर्द वापरत. तो परवडत नसेल तर अल्ट्रामरीन चालतो. प्रशियन ब्ल्यू मुळीच नको, चुन्यात तपकिरी पडतो. क्रोम यलोही टिकत नाही. दुकानातल्या तयार ट्यूबा तर बाजूलाच ठेवा, त्यातले बरेच सेंद्रिय रंग चुना खातो.

उत्तरेची भिंत : सिमेंटवर मोहराकशी करू नका. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर वर येऊन लोणा धरतो आणि चुन्याचा पातळ थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्या भिंतीवर चित्र वेगळ्या फळीवर काढून, मागे बोटभर हवा ठेवून टांगा. खानापूर-कणकुंबीचा पाऊस धरला तर ते जास्त सुरक्षितही आहे. दक्षिणेचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका, म्हणजे पाऊस लागायच्या आधी चुन्याला दगड व्हायला तीन-चार महिने मिळतील. त्याआधी छताची गळती आणि पायातली ओल बंद झालेली हवी, नाहीतर वरचे सगळे श्रम वाया.

पोथीवेडा_शहापूर

मूर्तीच्या शंकेबद्दल. दुधाचे पद ग्रंथातच आहे, तेव्हा प्रसंग वर्ज्य नाही. पण त्याच ग्रंथात राग गुजरीतले नामदेवांचे पदही आहे : एका दगडावर भाव ठेवतात आणि दुसऱ्यावर पाय देतात, हा देव तर तोही देव. दोन्ही एकाच संताचे, आणि ग्रंथकर्त्यांनी दोन्ही ठेवली. म्हणून चौकटीत जोर वाटी पुढे धरलेल्या नामदेवावर ठेवा. विठ्ठल गाभाऱ्याच्या चौकटीत लहान, सपाट रंगात, विटेवर उभा. तेजोवलय नामदेवांना द्या, मूर्तीला नको. शीख परंपरेत तेज भक्ताच्या, गुरूच्या चेहऱ्याला असते.

जागेबद्दलही बोलून घेतो. १९४५ च्या ‘शीख रहित मर्यादा’ या आचारसंहितेप्रमाणे गुरुद्वाऱ्यात मूर्ती बसवणे किंवा गुरूंच्या चित्रापुढे माथा टेकणे मान्य नाही. मंदिर तुमचे आहे, तुम्हाला तो नियम लागू नाही. पण बीदर-नांदेडची शीख मंडळी बघायला येतील तेव्हा नानकांच्या चौकटीला हार, समोर समई आणि दानपेटी दिसली तर त्यांना ते खटकेल, आणि ते योग्यच. त्या चौकटींखाली कट्टा किंवा कोनाडा ठेवूच नका, म्हणजे हार ठेवायला जागा राहत नाही.

सहावे गुरू हरगोबिंद घेणार असाल तर सेली काढून दोन तलवारी द्या, मीरी (ऐहिक सत्ता) आणि पीरी (आध्यात्मिक सत्ता). १६०६ मध्ये गुरू अर्जनदेवांच्या हौतात्म्यानंतर त्यांनी सेलीच्या जागी तलवारी धारण केल्या असे परंपरा सांगते. नानकांच्या हातात मात्र शस्त्र कधीच नाही.

बोरू_निपाणी

ग्रंथलेखनाच्या चौकटीतले तपशील देतो, कारण तिथे चूक झाली की लगेच कळते.

जुन्या बिडी, म्हणजे ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती, ‘लडीवार’ लिहिलेल्या असतात : गुरुमुखी अक्षरे सलग, शब्दांमध्ये जागा नाही. चित्रातल्या पानावर आजच्यासारखे सुटे शब्द लिहू नका. पानाभोवती रेघांची चौकट, सुरुवातीच्या पानांना वेलबुट्टीची पट्टी. मूलमंत्राची सुरुवात १ या आकड्याने होते, नंतर ओअंकार. त्या अक्षराचे वरचे टोक उघडे आणि पुढे लांब ओढलेले. आकडा गाळून नुसते अक्षर काढले तर अर्थच गेला, कारण ‘एकच’ हे आकड्यातच आहे.

दौत, बोरू, रहल (पोथी ठेवायची लाकडी घडवंची) दाखवा. शाई काळी. अनेक हस्तलिखित बिडींच्या शेवटी शाईची कृतीच दिलेली असते : काजळ, बाभळीचा डिंक, थोडे सोने आणि लाजवर्द, बिजेसाराचे पाणी, तांब्याच्या भांड्यात कडुनिंबाच्या लाकडाने २० दिवस घोटायची. बिजेसार म्हणजे आपल्याकडचा बिबळा, कानडीत होन्ने. खानापूरच्या रानात तो आहे. चौकटीच्या कोपऱ्यात तांब्याचे भांडे आणि कडुनिंबाचा घोटा ठेवला तर पोथी कशी घडते ते बघणाऱ्याला दिसेल.

भिंतीवर गुरुमुखी ओळ लिहायची असेल तर डोक्याच्या वर, दारावर किंवा पट्टीत लिहा. पाय लागेल, पाठ टेकेल अशा उंचीवर ग्रंथातला शब्द नको. आणि खाका टोचण्याआधी ती ओळ बीदरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या ग्रंथींकडून, म्हणजे गुरुद्वाऱ्यात ग्रंथ वाचणाऱ्यांकडून, तपासून घ्या. कान्ना, बिहारी, टिप्पी या गुरुमुखीतल्या खुणांपैकी एक मात्रा चुकली तरी ओल्या चुन्यात ती खोडता येत नाही, तेवढा तुकडा काढून पुन्हा गिलावा करायला लागतो.

मलप्रभाकाठ

चौकटी अशा ठरवतो : दक्षिणेला देऊळ फिरणे, नानक-मर्दाना आणि ग्रंथलेखन, तिन्ही चुन्यात. उत्तरेला फळ्यांवर दूध पाजणे, बीदरचे साहिबसिंग आणि शेवटी चंदोव्याखालचा ग्रंथ. चुनाकाम दादा, चुनकळी या आठवड्यात विझवायला घालतो. एका चौकटीला १६ आणि ४ लिटर धरून तिन्ही चौकटींना ६० लिटर माल होतो. त्यात गाळलेला चुना किती लागेल?

चुनाकाम_खडेबाजार

खालच्या थराचा माल ४८ लिटर, त्यात चुना एक तृतीयांश, म्हणजे १६. वरच्याचा १२, त्यात निम्मा, ६. पण वाळू-सुरखीच्या कणांमधल्या पोकळीत चुना बसतो आणि मिसळल्यावर माल आटतो, म्हणून २२ वर थांबू नका, गाळलेला चुना ३० लिटर हाताशी ठेवा. पिंपावर कायम चार बोटे पाणी राहू द्या आणि झाकण घट्ट लावा. विझवताना डोळ्याला चष्मा लावा, चुना उसळतो. आणि आधी पाणी, मग कळी, उलटे करू नका.